दोष चिठ्ठीवर लिहून माल विकणारे सोलापुरातील दुकान

सोलापुरात टॉवेल विकत घेणे ही परीक्षण लिहिण्याजोगी घटना नाही. येथे टॉवेल, टोपी आणि नारळ यांशिवाय सत्कार पूर्ण होत नाही, आणि बहुतेक घरांच्या कपाटात असे सत्काराचे टॉवेल घडी न मोडता पडलेले असतात. तरीही गेल्या आठ महिन्यांत ज्या एका दुकानात मी सात-आठ वेळा गेले, त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्या दुकानातील एकूण एक वस्तू कोणीतरी नाकारलेली आहे आणि ती का नाकारली गेली, हे त्या वस्तूला टाचलेल्या चिठ्ठीवर शाईने लिहिलेले आहे.

दुकान शहराच्या पूर्व भागात आहे. अशोक चौकाकडून आत वळल्यावर जेथून यंत्रमागांची खडखड सुरू होते, तेथील एका गल्लीत जुन्या कारखान्याची पुढची खोली हेच दुकान आहे. बाहेर पाटी नाही. आसपासचे लोक त्याला ‘अक्कांचे सेकंडचे दुकान’ म्हणतात आणि तेवढ्यावर पत्ता सापडतो. मालकीणबाईंचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यांनी स्वतःच ‘माझं कशाला, मालाचं लिहा’ असे सांगितले आहे. या खोलीत पूर्वी दोन माग होते. ते निघाले तरी फरशीतून वर आलेले त्यांच्या पायाचे बोल्ट अजून तसेच आहेत आणि नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत त्यांची ठेच हमखास लागते. मलाही लागली.

मी तेथे प्रथम गेले ती माझ्या कामासाठी. शहराच्या जुळे सोलापूर भागात चार महिलांसह मी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तयार करते. परातीवर झाकायला, हात पुसायला आणि वाळलेल्या भाकऱ्या गुंडाळायला स्वस्त पण पाणी शोषणारे नॅपकिन हवे होते. बाजारात जे स्वस्त होते ते पाणी शोषत नव्हते आणि जे शोषत होते ते परवडत नव्हते. कोणीतरी हे दुकान सुचवले. मी आत गेले, पहिला नॅपकिन उचलला आणि त्याच्या कोपऱ्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी वाचली: ‘एका बाजूची शिलाई तीन ठिकाणी सुटली होती. पुन्हा मारली आहे. कापड चांगले.’ दुसऱ्यावर होते: ‘तेलाचा डाग, एक इंच, जाणार नाही.’ तिसऱ्यावर नुसते ‘वजन कमी’. किंमत चिठ्ठीच्या मागच्या बाजूला होती. कापड दुकानात उभ्या उभ्या वाचत बसण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

हा माल कोठून येतो, हे समजल्याशिवाय दुकानाचे मोल कळणार नाही, म्हणून अक्कांकडून जे समजले ते थोडे विस्ताराने सांगते. त्यांच्या कारखान्यात टर्किश टॉवेल विणले जात. काही वर्षांपूर्वी एका निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत त्यांना परदेशातील हॉटेलसाठी २,४०० टॉवेलांची ऑर्डर मिळाली. माल तयार झाल्यावर तपासनीस आला. तपासणीची जी पद्धत जगभर चालते, तिच्यात सगळा माल उघडून पाहत नाहीत. १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटमधून सर्वसाधारण पातळीच्या तपासणीसाठी १२५ नग काढतात आणि ‘एक्यूएल २.५’ (दोषांची मान्य मर्यादा) ठरलेले असेल, तर त्यांत सातपर्यंत सदोष नग चालतात, आठवा सापडला की संपूर्ण लॉट नापास होतो. अक्कांच्या मालात नऊ निघाले.

येथे थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते या दुकानाचा पाया या आकड्यांतच आहे. १२५ पैकी ९ सदोष म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. त्या हिशोबाने २,४०० टॉवेलांत सुमारे १७० टॉवेल बिघडलेले असणार आणि उरलेले सव्वादोन हजार चांगले असणार. नकाराचा शिक्का मात्र सगळ्या गठ्ठ्यांवर सारखाच बसतो. अक्कांनी, त्यांच्या जाऊबाईंनी आणि दोन कामगारांनी अकरा दिवस खपून सगळे टॉवेल एकेक करून उलगडले, तेव्हा प्रत्यक्षात १५८ सदोष निघाले. बाकीचा माल पुन्हा तपासणीला देता आला असता, परंतु तोपर्यंत जहाजाची तारीख गेली होती आणि ऑर्डर रद्द झाली. शिवाय प्रत्येक टॉवेलच्या पट्ट्यात हॉटेलचे नाव विणलेले होते, आणि ते नाव तसेच ठेवून माल बाजारात विकायची करारात मनाई होती. थोडक्यात, सव्वादोन हजार चांगले टॉवेल घरात आणि त्यांतला एकही विकता येत नाही, अशी अवस्था झाली.

अशा वेळी येथील रूढ मार्ग म्हणजे सगळा माल किलोच्या भावाने एखाद्या व्यापाऱ्याच्या गळ्यात मारणे. अक्कांनी व्यापारी बोलावला होता. त्याने सांगितलेला भाव सुताच्या किमतीपेक्षाही कमी निघाला, तेव्हा त्यांनी कात्री हातात घेतली. ३० गुणिले ६० इंचांच्या टॉवेलच्या दोन्ही टोकांचा, नाव विणलेला सहा-सहा इंचांचा भाग कापून टाकला, तर मध्ये ३० गुणिले ४८ इंचांचा तुकडा उरतो, आणि त्याचे १५ गुणिले २४ इंचांचे चार हात-टॉवेल होतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण टर्किश कापड कापले की कडेचे फेर, म्हणजे पृष्ठभागावरचे धाग्यांचे वेढे, सुटून गळू लागतात, त्यामुळे प्रत्येक कड आधी ओव्हरलॉक करून मग दुमडून शिवावी लागते. चार तुकडे म्हणजे कापलेल्या बारा कडा. मजुरी धरली तर एका हात-टॉवेलमागे जे सुटते ते पहिल्या ऑर्डरमध्ये सुटले असते त्याच्या निम्मेही नाही, हे अक्का लपवत नाहीत. त्या वर्षी सुताचे देणे फेडण्यासाठी पुढच्या खोलीतले दोन माग विकावे लागले, आणि म्हणूनच ती खोली दुकानासाठी मोकळी झाली. हे ऐकल्यावर फरशीतल्या बोल्टांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागले, तरी ते कापून टाकावेत ही माझी सूचना कायम आहे.

चिठ्ठ्या सुरुवातीला नव्हत्या. पहिले सहा महिने ‘सेकंड माल’ एवढेच सांगून विक्री होत असे. गिऱ्हाईक घरी जाऊन डाग शोधून काढी, परत येई, भांडे आणि निम्मे पैसे मागे. तपासनीसाने दिलेल्या अहवालात प्रत्येक सदोष नगापुढे दोष लिहिलेला होता: शिलाई सुटलेली, ताणा (उभा धागा) तुटलेला, फेर ओढला गेलेला, रंगाची छटा वेगळी, वजन कमी. तो कागद अक्कांनी रागाने फाडून टाकला नव्हता, वहीत जपून ठेवला होता. एके दिवशी त्यांनी त्याच पद्धतीने मालावर कारण लिहायला घेतले. त्यानंतर परत येणारा माल एकदम कमी झाला. ज्याला पुसण्यासाठीच कापड हवे आहे, त्याला तेलाच्या डागाचे काय? ज्याला पाहुण्यांसमोर ठेवायचे आहे, तो डागाचा नग उचलतच नाही आणि ‘वजन कमी’वाला घेऊन जातो. अक्कांचे यावरचे बोलणे मी तसेच देते: “नको म्हटला तर म्हणू दे की ओ ताई. का नको म्हटला, ते लिहून दे म्हणायचं. तेवढं तर आपल्या हक्काचं आहे.”

आता मालाविषयी. मी आतापर्यंत हात-टॉवेल, मोठे टॉवेल, पायपुसणी, एक चादर आणि एक गोधडी घेतली आहे.

हात-टॉवेल हे या दुकानाचे खरे वैशिष्ट्य. तीस रुपयांना मिळतात. आठ महिन्यांत रोज धुऊनही माझ्याकडच्या पंचवीसपैकी तेवीस शाबूत आहेत. नव्या टर्किश कापडावर शेवटच्या प्रक्रियेतील मऊपणाचा लेप असल्याने ते सुरुवातीला पाणी नीट ओढत नाही, म्हणून दोन-तीन वेळा नुसत्या पाण्याने व थोड्या साबणाने धुऊन मग वापरावेत. मऊपणासाठी मिळणारे द्रावण तर वापरूच नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ते कडक होतात, पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात टॉवेलसाठी वेगळे पाणी कोण राखून ठेवणार? वाळल्यावर जोराने झटकले की काम भागते. एखादा फेर ओढला गेला, तर तो उपटायचा नाही, कापडाच्या पातळीवर कात्रीने कापायचा, अन्यथा ओळच्या ओळ निघत जाते. ही सूचनाही एका चिठ्ठीवर मला मिळाली.

मोठे टॉवेल एकशे चाळीस रुपयांना आहेत. ‘वजन कमी’ या चिठ्ठीची मी परीक्षा घेतली. चटणी तोलायचा काटा घरीच आहे. ३० गुणिले ६० इंचांचा टॉवेल म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १.१६ चौरस मीटर, आणि मूळ मागणी चौरस मीटरला ५०० ग्रॅमची होती असे अक्कांनी सांगितले होते, म्हणजे टॉवेल साधारण ५८० ग्रॅमचा असायला हवा. माझा भरला ५४१ ग्रॅम. साधारण पावणेसात टक्क्यांची तूट. अंग पुसताना ही तूट कोणालाही कळणार नाही. उलट, सोलापूरच्या आषाढात तो लवकर वाळतो. एका खरेदीदाराच्या करारातली उणीव दुसऱ्याच्या घरात सोय ठरते, ती अशी.

मात्र ‘वजन कमी’ ही चिठ्ठी अलीकडे फार सैलपणे लावली जात आहे, अशी माझी तक्रार आहे. मी घेतलेल्या एका टॉवेलवर तीच चिठ्ठी होती, आणि दुसऱ्याच धुण्यात त्याच्या मध्यावर तुटलेल्या ताण्याच्या जागी बोटभर जाळे पडले. हा दोष तेथे आधीपासून असणार. मी टॉवेल घेऊन गेले, तेव्हा अक्कांनी वाद न घालता बदलून दिला. पण चिठ्ठी लिहिण्याचे काम सध्या त्यांचा कॉलेजला जाणारा भाचा करतो आणि त्याला सगळ्याच मालाचे वजन कमी दिसते, हे त्यांनीही हसत मान्य केले. ज्या दुकानाची सारी पत एका ओळीच्या चिठ्ठीवर उभी आहे, त्याने ही ओळ एवढ्या निष्काळजीपणे लिहून घेऊ नये.

पायपुसण्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. साठ रुपये, जाड, टिकाऊ. न्हाणीघरात घालायचे झगे मात्र घेऊ नयेत. निरनिराळ्या लॉटचे तुकडे जोडून ते शिवलेले असल्याने खांद्यावरची शिवण टोचते आणि बाह्यांच्या रंगात फरक राहतो. हे चिठ्ठीवर लिहिलेले आहे, हे खरे, पण दोष कबूल केल्याने झगा अंगाला बसत नाही.

चादरींचा भाग मला सर्वांत आवडला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल ही दोन्ही भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातील सुरुवातीच्या उत्पादनांपैकी आहेत. तरीही बाहेरून येणाऱ्या मालाला ‘सोलापुरी’ म्हणून विकले जाते, ही येथील कारखानदारांची जुनी तक्रार आहे. या दुकानातल्या चादरी शेजारच्या कारखान्यांतून येतात, म्हणजे अक्का आता फक्त स्वतःचाच नव्हे, तर इतरांचाही नाकारलेला माल घेतात, मात्र दोषाचे कारण लेखी मिळाले तरच. चादरीतले दोष टॉवेलपेक्षा पाहायला गंमतीचे असतात, कारण जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षी कार्डांतल्या छिद्रांनी ठरते आणि एखादे कार्ड मागेपुढे झाले, की नक्षीचा एक पट्टा सरकतो. मी घेतलेल्या चादरीत मोरांच्या चार ओळी आहेत आणि तिसऱ्या ओळीतल्या एकाही मोराला मान नाही. चिठ्ठीवर लिहिले होते: ‘कार्ड चुकले. मोराला मान नाही. ऊब आहे.’ किंमत तीनशे ऐंशी. माझ्या घरी येणारी मुले आधी ती ओळ शोधतात. गडद लाल रंग पहिल्या दोन धुण्यांत सुटतो, तेव्हा ती वेगळी भिजवावी.

गोधडी नऊशे रुपयांना मिळाली. चादरींच्या कापलेल्या तुकड्यांना शहरातल्या शालेय गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून आलेल्या कपड्याच्या पट्ट्यांचा काठ लावलेला आहे. खाकी, आकाशी आणि चौकड्यांचा तो काठ पाहून कोणालाही आपली शाळा आठवेल. टाके जवळ व सरळ आहेत. वजन जास्त असल्याने धुतलेली गोधडी पिळायला दोन माणसे लागतात.

सेवेबद्दल सांगायचे तर घासाघीस होत नाही, कारण घासाघीस दोषावर होते आणि दोष आधीच किमतीतून वजा केलेला आहे. मोबाइलवरून पैसे देता येतात, पक्की पावती मिळते. बसायला जागा नाही. दुपारी दोन ते चार दुकान उघडे असले तरी अक्का नसतात आणि भाच्याला किंमत सोडून काही विचारण्यात अर्थ नाही.

या दुकानाचा मला झालेला दुसरा उपयोग कापडाच्या बाहेरचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. मी जेव्हा तेथे जाऊ लागले, त्याच सुमारास एका बँकेने माझा यंत्र खरेदीचा कर्ज अर्ज नाकारला होता. ‘वरून झाले नाही’ एवढेच मला तोंडी सांगण्यात आले होते आणि मीही मान खाली घालून परतले होते. अक्कांचे चिठ्ठ्यांचे वेड पाहून मी पुन्हा बँकेत गेले आणि कारण लेखी मागितले. तोपर्यंत मला माहीत नव्हते की, रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहाराच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्ज नाकारताना मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवणे अपेक्षित आहे. तीन आठवड्यांनी पत्र आले. त्यात यंत्राविषयी, व्यवसायाविषयी किंवा माझ्याविषयी काहीही नव्हते. एका नातेवाइकाच्या कर्जाला मी पूर्वी जामीन राहिले होते, त्याचे थकलेले हप्ते माझ्या पतअहवालात दिसत होते. हा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मागवता येतो. तो मी आधी मागवला असता, तर अर्जच त्या वेळी केला नसता. नातेवाइकाशी बोलणे, हप्ते भरून घेणे आणि नोंद दुरुस्त करून घेणे, यांत पाच महिने गेले. नवा अर्ज अजून विचाराधीन आहे, म्हणजे गोष्ट सुखान्त झालेली नाही. परंतु ‘आपला धंदाच कर्ज देण्याच्या लायकीचा नाही’ असे मनाशी धरून मी जे दिवस काढले, ते एका कागदाअभावी वाया गेले, हे मला कळले.

भाकरीचेही तसेच झाले. कडक भाकरी ठिसूळ असते, हाच तिचा गुण आणि हीच तिची अडचण. पुण्याच्या एका दुकानदाराने ‘तुमचा माल तुटका येतो’ म्हणून दोनदा खोकी परत पाठवली. तिसऱ्यांदा मी विचारले की, कोणत्या थरातल्या तुटतात, ते मोजून आणि छायाचित्र काढून कळवा. त्यांनी कंटाळत का होईना, कळवले: वरच्या तीन थरांतली एकही नाही, तळाच्या दोन थरांतल्या जवळजवळ सगळ्या. दोष भाकरीत नव्हता, एकावर एक रचण्यात होता. आता मध्ये पुठ्ठ्याचे ताट ठेवतो आणि एका खोक्यात पूर्वीच्या निम्म्याच भाकऱ्या भरतो, ज्याने वाहतूक खर्च वाढला आहे, हेही सांगायला हवे. तुटलेल्या भाकऱ्यांचा चुरा ‘तुटलेली, आजची’ अशी चिठ्ठी लावून मी स्थानिक पातळीवर विकते. दुधात किंवा आमटीत कालवून खाणाऱ्यांना अखंड भाकरी कशाला हवी? सोलापुरात तो चांगला खपतो, पुण्यात मात्र त्याला कोणी विचारत नाही.

अलीकडे शहरात उद्योजकतेवर बरीच व्याख्याने होतात आणि त्यांत ‘नकाराला संधी समजा’ हे वाक्य इतक्या वेळा येते की टाळ्याही सवयीनेच पडतात. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की संधी समजायचे म्हणजे उद्या सकाळी नेमके काय करायचे. अक्कांच्या दुकानात त्याचे जे उत्तर दिसते, ते फारच रुक्ष आहे: अहवाल जपून ठेवायचा, माल उलगडून मोजायचा, चांगले आणि वाईट वेगळे करायचे, दोष लिहायचा आणि त्या दोषाने ज्याचे काही बिघडत नाही, असा गिऱ्हाईक शोधायचा. यात स्फूर्ती कमी आणि शिलाई जास्त आहे. आणि सगळेच नकार असे उलटवता येत नाहीत. ज्या टॉवेलांच्या ताण्यातच कच्चे सूत होते, असे काही डझन अक्कांनी शेवटी गॅरेजवाल्यांना पुसण्यासाठी किलोने दिले, आणि त्यावर चिठ्ठी लावायचे कष्टही घेतले नाहीत.

आणखी एक गोष्ट लहान उत्पादकांनी या दुकानातून घ्यावी अशी आहे. येथे व्यापाऱ्याने दोन-दोन महिन्यांनी फोन करून ‘माल खराब निघाला’ म्हणत बिलातून रक्कम कापणे सर्रास चालते. अक्का आता अशी तोंडी तक्रार ऐकतच नाहीत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला गेला असे मानले जाते. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागू होते. त्यासाठी सूक्ष्म वा लघु उत्पादकाने उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली असावी. गल्ल्यामागच्या भिंतीवर अक्कांनी हा मजकूर मराठीत आणि तेलुगूत लिहून लावला आहे. तो वाचायला शेजारचे कारखानदार येतात, आणि येताना एखादा गठ्ठा घेऊन येतात. माल येण्याचा हाही एक मार्ग झाला आहे.

दुकान सकाळी अकरा ते रात्री आठ उघडे असते आणि सोमवारी बंद असते. जाताना मोजपट्टी न्यावी, कारण कापून शिवलेल्या नगांच्या मापांत अर्धा-पाऊण इंच फरक पडतो. एका रंगाचे, एका मापाचे पुष्कळ नग लागत असतील, तर येथे येऊ नये. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही चटणीचा स्टॉल लावणार होतो, त्यासाठी मी एकसारखे चाळीस पांढरे नॅपकिन मागितले. अक्कांनी कपाट उघडले, गठ्ठे खाली-वर केले आणि नाही म्हणाल्या. मी सवयीने कारण लिहून मागितले. त्यांनी टेबलावरचीच एक चिठ्ठी उलटी करून लिहिले: ‘पांढरे एकसारखे चाळीस नाहीत. बावीस आहेत. बाकी अठरा पिवळट.’ मी बावीस घेतले आणि पिवळटांपैकी सहा, चटणी सांडली तरी दिसणार नाही म्हणून.